पंधरा मिनिटं वाकडं झालेलं तोंड

पत्र, थोडक्यात: माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत. आमचा कांदा आहे, थोडी द्राक्षबाग आहे. या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची, म्हणून आप्पा पहाटे साडेचारला मोटरसायकलवर मळ्यात जातात. परवा परत आले, चहाला बसले आणि उजव्या हातातला कप निसटला. तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं जड झालं. आम्ही शेकोटीजवळ बसवलं, हाताला तेल चोळलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. नंतर मेडिकलमध्ये बीपी मोजलं तर १६४/९६ निघालं. बीपीची गोळी ते महिनाभर एक दिवसाआड घेताहेत, कारण ती घेतली की रात्री थंडीत लघवीला उठावं लागतं. ते म्हणतात, गारठ्यानं हात बधिर झाला होता, आता बरा आहे, दवाखाना नको. शेजारचे म्हणतात, रक्त पातळ करायची गोळी सुरू करा. खरंच थंडीनं असं होतं का? आणि पुन्हा झालं तर आम्ही घरात काय करायचं?
— एक सून, निफाड तालुका

ताई, तुमचा मेल आला त्याच दिवशी पहिला भाग तुम्हाला कळवला आहे. हे सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती. इतर वाचकांसाठी तो पुन्हा देतो: आप्पांना आजच मोठ्या रुग्णालयात न्या. सोमवारची ओपीडी नको, ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेणं नको, थेट तातडीच्या विभागात. आणि मोटरसायकल त्यांच्या हातात देऊ नका.

गारठ्यानं हात बधिर होतो तेव्हा दोन्ही हातांची बोटं बधिर होतात, बहुधा पायांचीही. ती पांढरी पडतात, मुंग्या येतात, ऊब मिळाली की हळूहळू पूर्ववत होतात. गारठ्यानं तोंडाचा एक कोपरा खाली ओघळत नाही आणि जीभ जड होत नाही. एकाच बाजूचा हात, त्याच वेळी चेहरा आणि बोलणं, तेही अचानक, हा प्रकार मेंदूतला आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि नशिबानं थोड्या वेळात विरघळली किंवा पुढे सरकली. डॉक्टर याला टीआयए म्हणतात. गावाकडे ‘लहान झटका’ म्हणतात, आणि ‘लहान’ या शब्दामुळेच घात होतो. मोठा झटका, म्हणजे पक्षाघात, येण्याचा धोका यानंतरच्या पहिल्या ४८ तासांत सर्वांत जास्त असतो आणि पुढे तीन महिने तो टिकून राहतो. शेकोटी आणि तेल यांनी आप्पा बरे झाले नाहीत. ते त्या वेळी कुठेही बसले असते तरी हात त्याच वेळेला पूर्ववत झाला असता.

टीआयएनंतरचा धोका मोजताना डॉक्टर पाच गोष्टी बघतात: वय साठ किंवा त्याहून जास्त आहे का, रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर आहे का, एका बाजूची ताकद गेली का, त्रास दहा मिनिटं किंवा जास्त टिकला का, आणि मधुमेह आहे का. तुमच्या पत्रातच पहिल्या चार आहेत. पाचवीचं तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा साखरही तपासून घ्या.

रुग्णालयात गेल्यावर ‘हात बधिर झाला होता’ असं सांगू नका. ‘अचानक उजवा हात, तोंड आणि बोलणं गेलं, पंधरा-वीस मिनिटांत आलं’ असं सांगा, आणि तारीख-वेळ सांगा. आधी मेंदूचा सिटी स्कॅन किंवा एमआरआय होईल. मग मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी, ईसीजी, हृदयाची सोनोग्राफी, साखर, कोलेस्टेरॉल. ईसीजीकडे दुर्लक्ष करू नका. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर हृदयाच्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी वर मेंदूत जाते, आणि त्याचं औषध निराळंच असतं. मानेतली वाहिनी खूप अरुंद झाली असेल तर ती मोकळी करण्याची शस्त्रक्रिया जितकी लवकर तितकी उपयोगी. या दोन्ही गोष्टी घरात बसून कळत नाहीत.

शेजाऱ्यांच्या गोळीविषयी. टीआयएनंतर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतात हे खरं, सुरुवातीला २१ दिवस दोन प्रकारच्याही देतात. पण स्कॅन पाहून. पक्षाघाताचे दोन प्रकार आहेत: एकात वाहिनी तुंबते, दुसऱ्यात फुटते. तुंबण्याचं प्रमाण जास्त असलं तरी बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दाब वाढलेल्या माणसाला थंडीत वाहिनी फुटण्याचाही धोका असतो, आणि फुटलेल्या वाहिनीवर ॲस्पिरिन दिलं तर रक्तस्राव वाढतो. चांगल्या मनानं दिलेली ही गोळी म्हणून शेजाऱ्यांकडेच राहू द्या.

आता थंडीचं. संबंध आहे, आणि तुमच्या भागात तर चांगलाच. निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतातच. गार हवा लागली की शरीर आतली उष्णता राखायला कातडीतल्या बारीक वाहिन्या आवळून घेतं. तेवढंच रक्त मग कमी जागेतून ढकलायचं म्हटल्यावर दाब चढतो. हिवाळ्यात वयस्क माणसांचा वरचा आकडा उन्हाळ्यापेक्षा सरासरी ५ च्या आसपास जास्त असतो, काहींचा बराच जास्त. याच काळात तहान लागत नाही म्हणून पाणी कमी पोटात जातं, उलट गारठ्यात लघवी मात्र जास्त होते, आणि रक्त घट्ट होतं. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन नावाचं प्रथिनही हिवाळ्यात वाढतं, आणि फ्लू, खोकला, न्यूमोनिया झाला की आणखी वाढतं. वर पहाटेची वेळ. झोपेतून उठताना दाब आपोआप उसळी घेतो, म्हणूनच सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात पक्षाघात जास्त होतात. गोधडीतून उठून लगेच पाच-सहा अंशांत मोटरसायकलवर वारा खात जाणं, तेही आदल्या दिवशीची गोळी चुकवून, म्हणजे या सगळ्या गोष्टी एकाच वेळी एकाच माणसावर.

पण थंडी इथे धक्का देते, खड्डा तिनं खणलेला नसतो. खड्डा वर्षानुवर्षं न आवरलेल्या रक्तदाबाचा, तंबाखूचा, साखरेचा असतो. म्हणून ‘थंडी गेली की ठीक होतील’ हा हिशेब चुकीचा आहे.

पुन्हा झालं तर ओळखायचं कसं? थंडीत ही लक्षणं हुकतात, त्याची कारणं साधी असतात. तोंड मफलरमध्ये असतं. माणूस गोधडीत पडून असतो, म्हणून हात हलत नाही हे दिसत नाही. बोबडं बोलला तर वाटतं दात वाजताहेत. उशिरापर्यंत झोपला तर वाटतं थंडीचे दिवस आहेत, झोपू द्या. तेव्हा आधी मफलर आणि कानटोपी काढा, दिवा लावा, माणसाला उजेडात आणा.

दात दाखवून हसायला सांगा, तोंडाचा एक कोपरा वर जात नाही का ते पाहा. डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगा आणि मनात दहापर्यंत मोजा, एक हात हळूहळू खाली येतो का? एक पूर्ण वाक्य म्हणायला लावा, ‘आज कांद्याला पाणी कुणी सोडलं’ असं काहीही. नुसतं ‘हो-नाही’ चालणार नाही, कारण तेवढं बऱ्याचदा जमतं. शब्द जड येतात का, भलतेच येतात का, की तुम्ही म्हणालात तेच कळलं नाही, हे बघा. या तिन्हींपैकी एक जरी अचानक बिघडलेलं असेल तर पुरे, तिन्हींची वाट बघू नका. शिवाय अचानक तोल जाणं, एका डोळ्यानं किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, आणि कधी न दुखलेलं असं डोकं एकदम फुटल्यासारखं दुखून उलटी होणं, हीही मेंदूचीच हाक आहे. शेवटचं विशेषतः वाहिनी फुटल्यावर होतं.

इथे एक शंका येते. नुसतं तोंड वाकडं होण्याचाही एक आजार आहे, लोक म्हणतात तो गार वाऱ्यानं होतो; तो चेहऱ्याच्या नसेचा. त्यात त्या बाजूच्या कपाळाला आठी घालता येत नाही आणि डोळा नीट मिटत नाही. पक्षाघातात बहुधा कपाळाला आठ्या पडतात, फक्त खालचा अर्धा चेहरा लोंबतो. हा फरक डॉक्टरांच्या कामाचा आहे. तुमच्यासाठी नियम एकच: तोंड वाकडं दिसलं की गाडी काढायची.

वेळेचं गणित असं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या आतही जितकं आधी तितका फायदा. मोठी वाहिनी तुंबली असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी ओढून काढतात. ते सहा तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत स्कॅन पाहून २४ तासांपर्यंत करता येतं. मोठी वाहिनी तुंबल्यावर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा एक हिशेब मेंदूविकारतज्ज्ञ सांगतात. हे साडेचार तास तुम्ही पाहिलं तेव्हापासून सुरू होत नाहीत, माणूस शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून सुरू होतात. रात्री दहाला झोपले आणि पहाटे पाचला हात उचलत नाही असं दिसलं, तर घड्याळ दहापासून धरतात. म्हणूनच आप्पा मध्ये उठून पाणी प्यायले होते का, बाथरूमला गेले होते का, कुणाशी बोलले होते का, हे आठवून ठेवणं फार मोलाचं आहे. तीन वाजता ते नीट चालत गेले असतील तर पाच तास वाचले. आणि वेळ टळून गेली असं वाटलं तरी घरी थांबू नका. झोपेत झालेल्या पक्षाघातात एमआरआयवरून कधीकधी इंजेक्शन देता येतं.

१०८ ला फोन करा आणि ‘पक्षाघाताची लक्षणं आहेत, अमुक वाजेपर्यंत ठीक होते’ असं स्पष्ट सांगा. गाडी यायला उशीर लागणार असेल तर घरची चारचाकी काढा. पण जवळचा दवाखाना गाठला म्हणजे झालं असं नाही. सिटी स्कॅन नसलेल्या ठिकाणी सलाईन लावून बसण्यातच बहुतेक घरांचे दोन तास जातात. आजच, शांतपणे, पिंपळगाव आणि नाशिकमधल्या दोन-तीन रुग्णालयांना फोन करून विचारा: सिटी स्कॅन चोवीस तास चालू असतो का, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तुमच्याकडे रात्रीही देतात का, मेंदूविकारतज्ज्ञ बोलावल्यावर येतात का. तिन्हीला ‘हो’ म्हणणाऱ्याचा नंबर फोनमध्ये ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का हेही तेव्हाच विचारून घ्या. तिथे आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, तो कागद सांगतो.

गाडी येईपर्यंत आप्पांना एका कुशीवर निजवा, म्हणजे उलटी झाली तर श्वासात जाणार नाही. कवळी असेल तर काढा, गळ्याभोवतीचं सैल करा, अंगावर पांघरूण राहू द्या. ग्लुकोमीटर असेल तर साखर बघा, कारण ७० च्या खाली गेलेली साखरही हुबेहूब पक्षाघातासारखी दिसते, आणि आकडा कमी असेल तर तो १०८ वाल्यांना लगेच सांगा. तोंडातून काहीही देऊ नका, पाणीसुद्धा. गिळण्याचे स्नायू लुळे असतात, घोट श्वासनलिकेत जातो आणि मागाहून न्यूमोनिया होतो. पक्षाघात झालेले बरेच जण त्यानंच दगावतात.

बीपीचं मशीन लावलं आणि २०० दिसलं तरी बीपीची गोळी जिभेखाली ठेवू नका. तुंबलेल्या वाहिनीपलीकडे रक्त पोचवायला शरीरच दाब वाढवत असतं. तो एकदम पाडला तर जो भाग तग धरून आहे तोही जातो. किती उतरवायचा ते स्कॅननंतर ठरतं. बोटांना सुई टोचून रक्त काढण्याचा निरोप मोबाइलवर दर हिवाळ्यात फिरतो, कांदा हुंगवणं, पारव्याचं रक्त चोळणं हे गावोगाव ऐकू येतं. यातलं काहीही गुठळीपर्यंत पोचत नाही, वेळ मात्र जातो.

आता रोजचं. सगळ्यात आधी ती गोळी. लघवी वाढते म्हणजे बहुधा तिच्यात क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेलं असणार. पाकिटावर नाव वाचा. अशी गोळी रात्री घेतली तर उठावं लागणारच. ती सकाळी घ्यायची की बदलून घ्यायची हे डॉक्टरांना विचारा, हा पाच मिनिटांचा प्रश्न आहे. तोवर एक दिवसाआड नको, कारण त्यात दाब चढतो-उतरतो आणि वाहिन्यांना तेच सोसत नाही. वरचा आकडा १० नं कमी राहिला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एक चतुर्थांशानं घटतो. बाकी कुठल्याही घरगुती उपायात एवढी ताकद नाही.

दाब घरी मोजायचा तर दंडावरचं मशीन घ्या, मनगटावरचं नको. दंडाचा घेर मोजा: नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटरसाठी असतो, त्याहून जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा खोटाच जास्त येतो. स्वेटरवरून मोजू नका, आणि बाही वर गुंडाळून दंड आवळूही नका, हात बाहेर काढा. आधी लघवी करून या, अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या वर असेल तर औषध पुरत नाही, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. टीआयए झालेल्या माणसाला बहुतेक डॉक्टर १३०/८० च्या खालचं लक्ष्य देतात. मेडिकलमध्ये घाईत उभ्याउभ्या घेतलेल्या एका आकड्यावर औषध वाढवू-कमी करू नका.

मळ्याचं काम. शेतकऱ्याला ‘पहाटे बाहेर पडू नका’ सांगणं सोपं आहे, लाइट मात्र महावितरणच्या वेळापत्रकानं येते. तरी मोटरला मोबाइल स्टार्टर बसवला तर चालू-बंद घरून होतं आणि अर्ध्या फेऱ्या वाचतात. दारे धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, तुमच्या यजमानांनी किंवा गड्यानं जावं, बागेत थंडीच्या रात्री पेटवायच्या शेकोट्यांचंही तेच. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावरही आप्पांनी या हिवाळ्यात एकट्यानं जाऊ नये. वाफ्यात पडले तर उजाडेपर्यंत कुणाला कळणार नाही, आणि साडेचार तास तिथेच संपतील. उठल्यावर दोन मिनिटं खाटेच्या कडेला बसायचं, कपडे आणि कानटोपी घरातच घालायची, कोमट पाणी प्यायचं, मग दार उघडायचं. एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर जास्त ऊब धरतात.

आंघोळ उन्हं आल्यावर, कोमट पाण्यानं. पाणी आधी पायावर घ्यावं की डोक्यावर, यानं पक्षाघात होतो-टळतो असं काही नाही, अंगाला एकदम धक्का बसू नये एवढंच. बंद खोलीत शेगडी किंवा बंद न्हाणीघरात गॅस गिझर मात्र कधीच नको. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, डोकं दुखतं, भोवळ येते, माणूस बेशुद्ध होतो. घरातल्या दोघा-तिघांना एकदम भोवळ आली तर आधी सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा.

हिवाळ्यातल्या औषधांचं एक कुणी सांगत नाही. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, ते वाहिन्या आवळतं आणि दाब चढवतं. गुडघे धरले म्हणून घेतलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेननं बीपीच्या गोळीचा असर कमी होतो. सर्दीला वाफ घ्या, दुखण्याला डॉक्टरांना विचारून साधं पॅरासिटामॉल. तंबाखू, बिडी, मिश्री या तिन्हींत निकोटीन आहे, म्हणजे थंडीनं आवळलेल्या वाहिन्या आणखी आवळतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा, शेव सगळं धरून. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दीड-दोन लिटर पाणी, तहान नसली तरी. दर वर्षी थंडीआधी फ्लूची लस.

शेवटी एक कागद करा. त्यावर आप्पांचं वय, आजार, रोजच्या गोळ्यांची नावं आणि मिलिग्रॅम, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली असेल तर ती कधी घेतात, ॲलर्जी, रुग्णालयाचा नंबर, गाडीवाल्याचा नंबर. खाली एक रिकामी ओळ सोडा: ‘शेवटचे ठीक दिसले ती वेळ’. कागद कपाटात नको, दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, शेजारी पेन बांधून.